पत्नीपद आणि राजकीय कर्तृत्व : कस्तुरबा गांधींविषयीच्या लेखनाचा विचार

१

राष्ट्रीय नेत्याच्या पत्नीचे चरित्र लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे पहिली अडचण येते ती साधनांची. नेत्याची पत्रे, भाषणे, लेख आणि मुलाखती जतन केल्या जातात. पत्नीविषयीची माहिती मात्र त्याच कागदपत्रांतून, दुसरा विषय चालू असताना, जाता जाता मिळते. कस्तुरबा गांधी (१८६९-१९४४) यांच्याबाबत ही अडचण विशेष जाणवते. गांधीजींच्या समग्र लेखनाचे इंग्रजीत शंभर खंड आहेत. कस्तुरबांचे स्वतःचे म्हणता येईल असे लेखन फारच थोडे आहे, आणि जे आहे त्यातील बराचसा भाग अलीकडच्या काळातच वाचकांसमोर आला.

त्यामुळे कस्तुरबांची जी प्रतिमा रूढ झाली ती दोन टोकांची आहे. एका प्रतिमेत त्या पतीमागून मुकाट चालणाऱ्या साध्वी आहेत. दुसरीत त्या पतीच्या प्रयोगांना बळी पडलेली स्त्री आहेत. दोन्ही प्रतिमांत एक गोष्ट समान आहे : निर्णय पतीचा, परिणाम पत्नीचा. उपलब्ध वृत्तांत एकमेकांशेजारी ठेवून वाचले तर निराळे चित्र दिसते. कस्तुरबांच्या सार्वजनिक आयुष्यातील प्रत्येक महत्त्वाच्या वळणावर 'पत्नी' या पदाचा अर्थ कोणीतरी दुसऱ्याने ठरवलेला आहे. कधी न्यायालयाने, कधी पतीने, कधी सरकारने. त्या अर्थाला कस्तुरबांनी दिलेले उत्तर हेच त्यांचे राजकारण होय. हे उत्तर बहुधा कृतीत आहे, शब्दांत क्वचितच. म्हणून ते वाचण्यासाठी इतरांच्या शब्दांची छाननी करावी लागते.

२

मराठी वाचकाला नेत्याच्या पत्नीचे कथन अपरिचित नाही. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. त्यात केंद्रस्थानी न्यायमूर्ती रानडे आहेत, पण सांगणारा आवाज रमाबाईंचा आहे. काय सांगायचे, कोठे थांबायचे, कोणता प्रसंग कोणत्या प्रसंगानंतर ठेवायचा, हे त्या ठरवतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त तर पतीच्या धर्मांतरासारखी घटनाही पत्नीच्या बाजूने, तिच्या मिस्कील आणि दुखऱ्या नजरेतून दिसते. कस्तुरबांच्या बाबतीत ही रचना उलटी आहे. प्रसंग त्यांच्या आयुष्यातला, कथन मात्र पतीचे.

गांधीजींची आत्मकथा १९२५ ते १९२९ या काळात 'नवजीवन'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांच्या अनुवादामुळे ती मराठी घराघरांत पोचली. तीतील कस्तुरबा प्रामुख्याने नकार देणाऱ्या कस्तुरबा आहेत. १८९८ च्या सुमारास डरबनच्या घरात एका ख्रिस्ती कारकुनाचे मलमूत्राचे भांडे उचलण्याचा प्रसंग सर्वपरिचित आहे. तो कारकून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबात जन्मलेला होता. कस्तुरबा भांडे उचलतात, पण रडत. पतीला ते हसतमुखाने केलेले हवे असते. संतापलेले गांधीजी त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेतात. परक्या देशात आईबाप नाहीत, आप्त नाहीत, मग जायचे कोठे, असा सवाल तेव्हा कस्तुरबा करतात. गांधीजींनी हा प्रसंग स्वतःच्या पुरुषी हुकूमशाहीची कबुली म्हणून लिहिला आहे, आणि त्या काळातील आत्मचरित्रपर लेखनात अशी कबुली दुर्मीळच होती. तरी कबुलीचा विषय पतीचा दोष हाच राहतो. कस्तुरबांच्या मनातील शिवाशिवीची भावना आणि त्यांचा अपमान ह्या दोन्ही गोष्टी त्या कबुलीचे साहित्य म्हणून येतात.

१९०१ मधील दागिन्यांचा प्रसंग याहून अधिक बोलका आहे. दक्षिण आफ्रिकेहून निघताना हिंदी समाजाने दिलेल्या भेटींत कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. सर्व भेटी सार्वजनिक कामासाठी न्यासात ठेवाव्यात असा गांधीजींचा निश्चय होता. कस्तुरबांनी केलेला युक्तिवाद आत्मकथेतच नोंदलेला आहे : पतीने केलेली सेवा ही आपलीही सेवा आहे, कारण त्यासाठी आपण रात्रंदिवस राबलो. शेवटी दागिने न्यासात गेले आणि पुढे आपल्या निर्णयाचे शहाणपण कस्तुरबांनाही पटले असे गांधीजी लिहितात. तथापि तो युक्तिवाद आजही अनुत्तरित आहे. सार्वजनिक सेवेचा डोलारा घरातल्या बिनमोल श्रमावर उभा असतो, हा विचार कस्तुरबांनी भावनेच्या भरात नव्हे, हिशेबाच्या भाषेत मांडला होता.

३

१४ मार्च १९१३ रोजी केपच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम यांच्या प्रकरणात निकाल दिला. ख्रिस्ती विधीने न झालेले किंवा कायद्याप्रमाणे न नोंदलेले विवाह वैध मानता येत नाहीत, असा त्याचा आशय होता. या निकालाने हिंदू, मुसलमान आणि पारशी पद्धतीने झालेल्या असंख्य विवाहांचे कायदेशीर अस्तित्वच संशयित झाले. तीन पौंडांचा कर, प्रवेशावरील निर्बंध या जुन्या तक्रारींत आता एका नव्या तक्रारीची भर पडली, आणि ही तक्रार थेट स्त्रियांच्या प्रतिष्ठेशी निगडित होती. सत्याग्रहात स्त्रियांना सामील करून घेण्याचा निर्णय याच वळणावर झाला.

कस्तुरबा या लढ्यात कशा आल्या याचे किमान तीन वृत्तांत आहेत. पहिला समकालीन आहे. १९१३ च्या एप्रिलमध्ये गोखल्यांना लिहिलेल्या पत्रात गांधीजी कळवतात की पत्नीने आपण होऊन तयारी दाखवली आहे आणि तिला अडवण्याची आपली इच्छा नाही. दुसरा वृत्तांत दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात आहे. हे पुस्तक गांधीजींनी दहा वर्षांनी, येरवड्याच्या तुरुंगात सांगायला सुरुवात केली. त्यात ते म्हणतात की फिनिक्समधील इतर स्त्रियांशी आपण बोललो, पण कस्तुरबांशी मुद्दामच बोललो नाही. पतीच्या शब्दाला पत्नी नाही म्हणणार नाही, आणि मग तिची संमती खरी की दबावाची हे कळणार नाही. कस्तुरबांनी ते बोलणे ऐकले आणि तुरुंगात जाण्यास आपण अपात्र ठराव्यात असा कोणता दोष आपल्यात आहे, असे विचारले.

तिसरा वृत्तांत फिनिक्समधील सहकारी रावजीभाई पटेल यांचा आहे. त्यात प्रसंग स्वयंपाकघरातला आहे. तू आता माझी कायदेशीर पत्नी राहिली नाहीस, असे गांधीजी थट्टेच्या सुरात सांगतात. कोण म्हणतो, असे कस्तुरबा विचारतात. सरकार म्हणते, असे उत्तर येते. मग आपण हिंदुस्थानात परत जाऊ, असे त्या सुचवतात. ते भ्याडपणाचे होईल, असे पती म्हणतात. स्त्रियांना तुरुंगात जाता येईल का, या प्रश्नावर गांधीजी सीता, दमयंती आणि तारामती यांचे दाखले देतात. त्या देवी होत्या, असा आक्षेप घेऊनही कस्तुरबा अखेर तयार होतात. तुरुंगातील अन्न आपल्या व्रताला चालेल का, एवढीच व्यावहारिक शंका त्या काढतात.

तीन वृत्तांतांतील फरक केवळ तपशिलाचा नाही. पत्रात संकल्प पूर्णपणे कस्तुरबांचा आहे. इतिहासात तो त्यांचाच आहे, पण पतीने मागे उभे राहून रिकाम्या ठेवलेल्या जागेत तो उमटतो. आठवणीत पती तो संकल्प कौशल्याने घडवून आणतो, आणि त्यासाठी पतिव्रतांच्या आख्यानांचा आधार घेतो. एकच घटना तीन वाङ्मयप्रकारांत तीन रूपे घेते. राजकीय पत्राला स्वयंस्फूर्त सत्याग्रही हवी असते, इतिहासाला दबावमुक्त संमती, तर भक्तिपर आठवणीला कुशल गुरू. यांपैकी एकच वृत्तांत खरा मानून बाकीचे टाकून देणे सोपे आहे. पण तिन्ही वृत्तांत ज्या एका मुद्द्यावर एकमत आहेत तो अधिक मोलाचा आहे. तिन्हींत प्रश्न विचारणाऱ्या किंवा पुढाकार घेणाऱ्या कस्तुरबा आहेत, आणि शेवटचा होकार त्यांचा आहे. दबाव आला असेल, तरी तो ज्या व्यक्तीवर आला ती व्यक्ती निरुत्तर नव्हती.

१५ सप्टेंबर १९१३ रोजी सोळा जणांची तुकडी फिनिक्सहून निघाली. तीत कस्तुरबांसह चार स्त्रिया होत्या. पोलिसांनी ओळखून सोडून देऊ नये म्हणून नावे न सांगण्याचे ठरले होते. म्हणजे ज्या स्त्रीच्या पत्नीपदासाठी हा लढा होता, तिने तुरुंगात जाण्यासाठी पतीचे नाव लपवायचे होते. २३ सप्टेंबरला तीन महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. मॅरिट्झबर्गच्या तुरुंगातून कस्तुरबा डिसेंबरमध्ये सुटल्या तेव्हा त्यांची प्रकृती पार खालावलेली होती. १९१४ च्या कायद्याने एकपत्नीक हिंदी विवाहांना मान्यता मिळाली आणि तीन पौंडांचा कर रद्द झाला. पत्नीपद हे येथे खासगी नाते राहिले नव्हते. राज्यसंस्थेकडून झगडून मिळवायची ती नागरी पात्रता झाली होती, आणि ती मिळवणाऱ्यांत पत्नी स्वतः होती.

४

हिंदुस्थानात परतल्यावर कस्तुरबांचे काम ज्या ठिकाणी प्रथम ठळकपणे दिसते ते ठिकाण चंपारण होय. नीळ मळेवाल्यांविरुद्धच्या चौकशीबरोबर गांधीजींनी १९१७ च्या नोव्हेंबरपासून खेड्यांत शाळा काढल्या. या कामात महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांचा वाटा मोठा होता. बडहरवा येथील शाळा बबन गोखले आणि अवंतिकाबाई गोखले या दांपत्याकडे होती. याच अवंतिकाबाईंनी पुढे गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले आणि १९१८ मध्ये ते लोकमान्य टिळकांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. भितिहरवा येथे बेळगावचे सदाशिव लक्ष्मण सोमण, भारत सेवक समाजाचे डॉ. हरी श्रीकृष्ण देव आणि कस्तुरबा होत्या. गवताच्या झोपडीतील ही शाळा एका रात्री जळाली तेव्हा सोमणांनी ती पक्क्या विटांची बांधून काढण्याचे काम अंगावर घेतले.

अंगावरच्या एका साडीखेरीज दुसरी साडी नाही, मग स्नान करून कपडे कसे बदलायचे, हे एका बाईने कस्तुरबांना घरात नेऊन दाखवले, हा आत्मकथेतील प्रसंग याच परिसरातला. चंपारणच्या दारिद्र्याविषयीचे हे सर्वांत परिणामकारक साक्ष्य कस्तुरबांमार्फत मिळालेले आहे, कारण त्या घरात पुरुष चौकशीदाराला प्रवेश नव्हता. लिपीचे शिक्षण देण्याइतके कस्तुरबांना लिहितावाचता येत नव्हते, आणि भाषाही परकी होती. तरी घराच्या आतल्या भागात जाऊन माहिती आणण्याचे काम त्यांच्यावाचून झाले नसते.

मळेवाल्यांना या कामाचा राजकीय अर्थ चांगला कळला होता. आयर्विन नावाच्या मळा-व्यवस्थापकाने 'स्टेट्समन'मध्ये पत्र लिहून कस्तुरबांवरच आरोप केले. भितिहरव्यात त्यांनी बाजार मांडल्याचा ठपका ठेवला. जानेवारी १९१८ मध्ये गांधीजींनी त्याला उत्तर दिले. त्या उत्तराचा रोख असा, की एका अत्यंत निष्पाप स्त्रीवर हा हल्ला झाला आहे. उत्तर तडफदार आहे, पण त्याचा एक परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. विरोधक कस्तुरबांना प्रतिस्पर्धी मानतो. बचाव करणारा पती त्यांना निष्पाप म्हणून वादातून बाजूला काढतो. भितिहरव्यात काम करणारी कार्यकर्ती या बचावातही पुरेशी दिसत नाही.

५

पुढील दोन दशकांत कस्तुरबांच्या सार्वजनिक कामाची नोंद वाढत जाते. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाल्यानंतर त्यांच्या नावाने 'यंग इंडिया'त निवेदन आले. त्यात परदेशी कापड सोडणे, स्त्रियांनी सूत कातणे आणि व्यापाऱ्यांनी परदेशी कापडाचा व्यापार थांबवणे, असे तीन कार्यक्रम सांगितले होते. सविनय कायदेभंगाच्या काळात त्यांना पुन्हा पुन्हा कारावास झाला.

या काळातही पतीच्या लेखणीने त्यांचे जीवन जाहीर होत राहिले. १९२९ मध्ये 'नवजीवन'मधील एका लेखात गांधीजींनी आश्रमातील दोषांबरोबर कस्तुरबांचाही दोष मांडला : भेट मिळालेले चार रुपये त्यांनी आश्रमाच्या कार्यालयात जमा केले नव्हते. आश्रमाच्या नियमानुसार ही चूक होती. पण त्या चार रुपयांची बाजू मांडणारा कस्तुरबांचा शब्द छापील स्वरूपात आपल्यापर्यंत आलेला नाही.

मार्च १९३८ मधील पुरीचा प्रसंग अधिक गंभीर आहे. गांधी सेवा संघाच्या डेलांग येथील संमेलनाच्या वेळी कस्तुरबा आणि महादेव देसाई यांच्या पत्नी दुर्गाबेन जगन्नाथाच्या मंदिरात दर्शनाला गेल्या. हरिजनांना तेथे प्रवेश नव्हता. गांधीजींना तीव्र दुःख झाले आणि त्यांनी ते संमेलनात उघड बोलून दाखवले. महादेवभाईंनी सेवेतून मुक्त होण्याची भाषा केली. दोष स्त्रियांना पुरेसे शिकवले नाही म्हणून आपला आणि महादेवभाईंचा, असे गांधीजींनी मांडले. डरबन, १९१५ मध्ये कोचरब आश्रमात आलेल्या दुदाभाईंच्या अस्पृश्य कुटुंबाला कस्तुरबांनी केलेला विरोध, आणि पुरी अशी ही एकच रेषा आहे. तिच्यात कस्तुरबांची बाजू समर्थनीय नाही, आणि चरित्रकाराने ती झाकण्याचे कारणही नाही. पण जिला चूक करण्याइतपतही स्वतंत्र मानले जात नाही, तिच्या बदलण्याचे श्रेयही तिला मिळत नाही. दुदाभाईंची मुलगी लक्ष्मी पुढे गांधी कुटुंबातच मुलीसारखी वाढली. तिचे रोजचे संगोपन ज्या घरात झाले त्या घराचा व्यवहार कस्तुरबांच्या हाती होता.

वर्षभरात राजकोटचा संघर्ष उभा राहिला. ठाकूर धर्मेंद्रसिंह आणि दिवाण वीरावाला यांनी प्रजेला दिलेले वचन मोडले होते. प्रकृती ठीक नसतानाही कस्तुरबांनी तेथे जाण्याचा आग्रह धरला. त्यांचा दावा राजकोटची मुलगी म्हणून होता. गांधीजींनीही 'हरिजन'मध्ये तो तसाच नोंदवला. ३ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांना अटक होऊन आधी सणोसरा आणि नंतर त्रंबा येथे स्थानबद्ध करण्यात आले. गांधीजींचे राजकोटमधील उपोषण मार्चमध्ये झाले. म्हणजे या लढ्यात पत्नी आधी गेली आणि पती नंतर.

६

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवरील सभेत ते बोलणार होते. त्यांच्या जागी आपण बोलू असे कस्तुरबांनी जाहीर केले आणि त्यांनाही अटक झाली. आर्थर रोड तुरुंगातून ११ ऑगस्टला त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. चारच दिवसांनी, १५ ऑगस्टला, महादेव देसाई तेथे वारले.

स्थानबद्धतेतील दिवसांचे तपशील डॉ. सुशीला नय्यर यांच्या आठवणींत आहेत. त्र्याहत्तर वर्षांच्या कस्तुरबांना गांधीजी गुजराती वाचन आणि भूगोल शिकवत. कस्तुरबांनी लिहिण्यासाठी वही मागितली तेव्हा अक्षर सुधारेपर्यंत सुट्या कागदांवर सराव करावा असे त्यांना सांगण्यात आले. त्या दुखावल्या. ही घटना लहान आहे, पण कस्तुरबांच्या लेखनाच्या इतिहासात ती मोठी ठरते. काटकसर हे कारण खरेच असेल. तरी वही मागणे म्हणजे काही लिहून ठेवण्याची इच्छा असणे होय.

१९४३ च्या अखेरीस हृदयविकार बळावला. निसर्गोपचारक डॉ. दिनशा मेहता आणि वैद्य शिव शर्मा यांना येऊ देण्याच्या विनंत्यांवर सरकारचे निर्णय उशिरा झाले. वैद्यांना रात्री आत थांबण्याची परवानगी नसल्याने त्यांना फाटकाबाहेर मोटारीत झोपावे लागले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी कस्तुरबांचे निधन झाले. देह जाहीर अंत्यविधीसाठी नातेवाइकांच्या स्वाधीन झाला नाही. निवडक आप्तस्नेह्यांच्या उपस्थितीत पॅलेसच्या आवारातच, महादेवभाईंच्या समाधीशेजारी दहन झाले.

यानंतरचा पत्रव्यवहार या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शक्य ती सर्व वैद्यकीय मदत दिली, असे ब्रिटिश संसदेत सांगण्यात आले. वॉशिंग्टनमधील हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी गिरिजाशंकर बाजपेयी यांच्या नावाने असे वृत्त आले, की प्रकृतीमुळे सुटकेचा विचार झाला होता, परंतु पतीजवळ राहण्याची त्यांची इच्छा होती आणि ती मानण्यात आली. मार्च १९४४ मध्ये गांधीजींनी सरकारला लिहून या विधानास हरकत घेतली : सुटकेचा असा प्रस्ताव कस्तुरबांपुढे कधी ठेवलाच गेला नव्हता. १९१३ मध्ये एका न्यायालयाने त्यांच्यासारख्या स्त्रिया पत्नी नाहीत असे ठरवले होते. १९४४ मध्ये सरकारने त्यांच्या पत्नीपणाचाच आधार घेऊन त्यांच्या कैदेला त्यांची इच्छा ठरवले. दोन्ही वेळा त्या स्त्रीला विचारण्याची गरज कोणास वाटली नाही. या वेळी मात्र, ज्या पतीने आयुष्यभर त्यांच्या वतीने लिहिले होते, त्यानेच त्यांच्या तोंडी घातलेला शब्द खोडून काढला.

७

कस्तुरबांच्या स्मारकनिधीत एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमली आणि त्यातून ग्रामीण स्त्रिया व मुलांसाठी काम करणारा न्यास उभा राहिला. इंदूरजवळील कस्तुरबाग्राम हे त्याचे केंद्र झाले. २०२२ मध्ये तुषार गांधी यांनी प्रसिद्ध केलेल्या कस्तुरबांच्या १९३३ मधील रोजनिशीचा संबंधही याच ठिकाणाशी आहे. नोंदी त्रोटक आहेत. प्रार्थना, कताई, भेटीगाठी, तुरुंगातील दिनक्रम एवढाच त्यांचा विषय. त्यांत आत्मकथेसारखे चिंतन शोधणारा वाचक निराश होईल. पण नऊ महिन्यांची रोजनिशी लिहिणारी स्त्री निरक्षर सावली नव्हती, एवढे त्यांवरून निश्चित होते. दहा वर्षांनंतर मागितलेल्या वहीलाही या रोजनिशीमुळे वेगळा संदर्भ मिळतो.

मराठी रंगभूमीने हा आवाज कल्पनेने भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे. दिनकर जोशी यांच्या गुजराती कादंबरीवर आधारलेल्या अजित दळवी यांच्या 'गांधी विरुद्ध गांधी'मध्ये पती आणि मुलगा हरिलाल यांच्यामध्ये उभ्या असलेल्या आईला बोलण्याची जागा मिळाली; रामदास भटकळ यांच्या 'जगदंबा'मध्ये कस्तुरबाच केंद्रस्थानी आल्या. गुजरातीतील मौन मराठीत बोलके व्हावे, यामागे रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी घडवलेली पत्नीकथनाची परंपरा असावी, असे अनुमान करता येते. मात्र नाटककाराने दिलेला आवाज आणि स्त्रीने स्वतः दिलेले उत्तर यांत अंतर आहे. कस्तुरबांची उत्तरे डरबनच्या फाटकापाशी, फिनिक्सच्या स्वयंपाकघरात, राजकोटच्या नजरकैदेत आणि शिवाजी पार्ककडे निघालेल्या संध्याकाळी दिली गेली. ती इतरांच्या कागदांत विखुरलेली आहेत, म्हणून ती त्या इतरांची होत नाहीत.